हॅलोविनचा खाऊ मुलांच्या हाती देण्यापूर्वी

अमेरिकेत हॅलोविनच्या सणाला, 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मुले घरोघरी फिरून पिशवी भरून गोळ्या-चॉकलेटे आणतात. त्यातले काहीही वाटेत तोंडात जाऊ नये, यासाठी त्यांना निघण्यापूर्वीच पोटभर खाऊ घालावे. घरी आल्यावर सगळा खाऊ भरपूर उजेडात टेबलावर ओतून प्रत्येक वेष्टन उलटसुलट करून पाहावे आणि फाटलेले, टाचणीएवढे छिद्र पडलेले, पुन्हा चिकटवल्यासारखे वाटणारे किंवा रंग बदललेले सरळ टाकून द्यावे. घरी बनवलेला खाऊ देणारी व्यक्ती ओळखीची नसेल, तर तोही ठेवू नये.

अनोळखी लोक गोळ्यांत विष घालतात ही भीती मोठी असली, तरी समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी 1958 पासूनच्या बातम्या तपासल्या, तेव्हा अशा प्रकारे मूल दगावल्याची एकही सिद्ध घटना त्यांना आढळली नाही. 1974 मध्ये टेक्सासमध्ये हॅलोविनच्या खाऊत सायनाइड घालून मुलाचा जीव घेणारा त्याचा स्वतःचा बाप होता.

माझ्या मते खरी काळजी ॲलर्जीची करावी. लहान आकाराच्या चॉकलेटांवर घटकांची यादी बहुधा नसते आणि त्यांतले घटक मोठ्या वडीपेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला यादीविना काहीही देऊ नये. चार वर्षांखालील मुलांच्या वाट्यातून कडक गोळ्या, च्युइंगम, शेंगदाणे आणि छोटी खेळणी काढून घ्यावीत, कारण ती घशात अडकतात. गांजायुक्त गोळ्या नेहमीच्या गोळ्यांसारख्याच दिसतात. अनोळखी वेष्टन म्हणूनच नीट वाचावे. मुलाने असे काही खाल्ल्याची शंका आल्यास 1-800-222-1222 या विषबाधा मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.