जिप्सम बोर्डाचं भोक बुजवायला घेण्याआधी

प्रायमर आणलाय का? रंगाखालचा हा हात लागतो शेवटी, पण आणायचा सगळ्यात आधी. मागच्या वेळी 'वर रंगच तर मारायचाय' म्हणून मी तो टाळला. डबा तोच, रंग तोच, तरी तिरका उजेड पडला की ठिगळ उठून दिसतं. कंपाउंड (भोकात भरायचा पुट्टीसारखा लगदा) रंग पितं, जुनी भिंत पीत नाही. दोन्हीकडची चमक वेगळी पडते.

बाकी कंपाउंड ओढायचा पत्रा, कटर, पॉलिश पेपर, मास्क असेलच. कंपाउंड मात्र जॉइंटिंगचंच, म्हणजे बोर्डांचे सांधे भरायचंच घ्या. खिळ्याच्या भोकाला एवढं पुरे, त्याची कसली यादी!

मूठ जाईल एवढं भोक असेल तर ते चौकोनी कापून तुकडा बसवावा लागतो. कापण्याआधी बॅटरी मारून आत बघा. वायर किंवा पाइप असेल, तर तो करवतीला लागल्यावर कळून काय उपयोग? मग जुन्या बोर्डाची जाडी मोजा, अंदाजाने तुकडा आणू नका. १२.५ मिलिमीटरचा बोर्ड सर्रास असतो, पण ९.५ चाही मिळतो. पातळ तुकडा बसवलात तर ३ मिलिमीटरचा खड्डा कंपाउंडने भरत बसाल आणि वाळल्यावर तो तडकेल. तुकड्याला मागून आधार म्हणून लाकडी पट्टी, भोकाच्या दोन्ही बाजूंना चांगली पुढे जाईल एवढी. तुकडा पट्टीला स्क्रूने आवळताना स्क्रूचं डोकं बोर्डावरच्या कागदात किंचित दबलं की थांबा. कागद फाटला तर स्क्रू नुसत्या जिप्समला धरून राहतो, म्हणजे कशालाच नाही.

कडेचा कागद सोलून आतला तपकिरी थर दिसतोय? तिथे प्रायमर, तोही ऑइलचा. हो, कंपाउंडच्या आधी. नाहीतर तो कागद ओल धरतो, फुगतो आणि बुडबुडे येतात. म्हणजे प्रायमर दोनदा लागतो, आणि मी एकदाही आणला नव्हता.

पुढे सांध्यावर जाळीची टेप, वर कंपाउंडचे तीन पातळ हात, प्रत्येक आधीच्याहून रुंद. जाड थापू नका, आक्रसतं. मधे वाळू द्या, पंख्याखाली वरून कोरडं दिसतं त्याला भुलू नका. घासा, धूळ पुसा. मग प्रायमर. रंग नाही, प्रायमर! तो वाळला की रंग, जमलं तर पूर्ण भिंतीला.