पुण्यातल्या घटस्फोटाच्या दाव्याला बाहेरगावाहून उत्तर कसं द्यावं

शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टाचं समन्स आलं की पुष्कळ जण तो लिफाफा कपाटात सारून देतात. माहेरी परतलेल्या मुली तर हमखास. "मी गेलेच नाही तर घटस्फोट होईलच कसा?" होतो. समन्स बजावल्यावर कुणीच हजर झालं नाही, तर दावा एकतर्फी चालतो आणि निकालही लागतो. पुण्याला न येता उत्तर देता येतं. गप्प बसू नका, एवढीच कळकळीची विनंती.

आधी समन्स मिळाल्याची तारीख लिफाफ्यावरच लिहा. लेखी म्हणण्याची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, ३० दिवसांची मुदत तिथून मोजतात. सबळ कारण दिलं तर कोर्ट ती ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. सोबत दाव्याची प्रत नसेल तर ती मागून घ्या. पुढची तारीख कोर्टांच्या ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की कळते.

मग पुण्यातला वकील गाठा. १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १३ प्रमाणे इथे वकील लावणं हा हक्क नाही, म्हणून वकीलपत्रासोबत परवानगीचा अर्ज जोडायचा. फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दाव्याचा खर्च आणि अंतरिम पोटगीही मागता येते.

खरी मेहनत लेखी म्हणण्यात आहे. दाव्यातला एकेक परिच्छेद समोर ठेवा. ठामपणे न नाकारलेली गोष्ट मान्य धरली जाऊ शकते. समजा, परिच्छेद ७ मध्ये लिहिलंय, "जाबदार काही कारण नसताना घर सोडून निघून गेली." (जाबदार म्हणजे जिच्यावर दावा आहे ती, इथे तुम्ही.) त्यावर नुसतं "मजकूर खोटा व नाकबूल" लिहून भागत नाही. त्या रात्री काय बोलणं झालं, स्वारगेटला सोडायला कोण आलं, एसटीचं तिकीट कुठंय, हे सगळं वकिलाला सांगा. लग्नाची तारीख, मुलांची नावं बरोबर असतील तर सरळ कबूल करा. उगाच सगळंच नाकारलं की खऱ्या मुद्द्याचंही वजन जातं.

तयार मसुदा मेलवर मागवा, नीट वाचा, आपल्या गावच्या नोटरीसमोर सही करून कुरिअरने पाठवा. परदेशात असाल तर सही भारतीय वकिलातीत करा. तिथून भावाला किंवा वडिलांना कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) देणार असाल, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. मुखत्यार कागद दाखल करेल, तारखा सांभाळेल. तुमच्या संसारात काय घडलं याची साक्ष मात्र तो देऊ शकत नाही.

समुपदेशन आणि उलटतपासणी, हे दोन टप्पे असे की तिथे तुम्हीच लागता. त्यासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा अर्ज तारखेच्या बराच आधी द्या आणि अंतर, लहान मूल, आजारपण, रजा, जे खरं कारण असेल त्याचा कागद जोडा. परवानगी देणं न देणं कोर्टाच्या हातात आहे. प्रवास खरोखरच अशक्य असेल तर दावा आपल्या जिल्ह्यात वर्ग करून मागता येतो: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात उच्च न्यायालयाकडे, परराज्यात असाल तर सर्वोच्च न्यायालयाकडे.

एकतर्फी निकाल आधीच लागून गेला असेल, तर तो रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत करावा लागतो. समन्स रीतसर मिळालंच नसेल, तर हे ३० दिवस निकाल कळल्यापासून धरतात. कधी आणि कसं कळलं याचा पुरावा, अगदी व्हॉट्सॲपचा मेसेजसुद्धा, जपून ठेवा.