कोंबड्यांना कापलेलं गवत घालताना या चुका टाळा

जूनच्या मध्यानंतर नागपुरात पाऊस लागला की अंगणातली हरळी बघता बघता घोट्याला लागते. मशीन फिरते, हिरवागार ढीग पडतो आणि तो उचलून थेट खुराड्यात टाकायचा मोह होतो. टाकण्याआधी पात्यांची लांबी बघा.

उभं गवत कोंबडी चोचीत धरून खेचते. मूळ जमिनीत घट्ट असतं, म्हणून तिच्या वाट्याला छोटासा तुकडाच येतो. कापलेल्या पात्याला धरून ठेवणारं काहीच नसतं, त्यामुळे बोटभर लांब पातंही ती तसंच गिळते. अशी पाती गळ्याखालच्या पिशवीत गुंतून त्यांचा गोळा होतो आणि पुढे पोट्याकडे काही सरकत नाही.

मागच्या जुलैत आमच्या गिरिराज कोंबडीचं हेच झालं. सकाळी दार उघडताच बाकीच्या दाण्यावर तुटून पडल्या, ही मात्र कोपऱ्यात मान आखडून उभी. छातीच्या वर हात लावला तर लिंबाएवढा घट्ट गोळा, मळलेल्या कणकेसारखा. ही पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही ती टणक लागली तर दाणा बंद करा, पाणी समोर ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आम्ही सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली, वाचली. कोंबडीला उलटी धरून गोळा बाहेर काढायला जाऊ नका. पातळ द्रव श्वासनळीत गेला तर ती तिथेच जाते. पिशवी फुग्यासारखी मऊ आणि तोंडाला आंबूस वास, हा वेगळा आजार आहे. त्यातही डॉक्टरच हवेत.

तेव्हापासून आमच्याकडे गवत विळीवर सांबार (कोथिंबीर) चिरतो तसं बारीक होतं, एक-दीड सेंटीमीटर, त्याहून मोठं नाही. शेजारी बारीक खड्यांचं टोपलं असतंच. कोंबडीला दात नाहीत, गवत दळायचं काम पोट्यातले खडेच करतात.

दुसरी चूक शिळ्या ढिगाची. पावसाळी दमटात ओल्या गवतात हात घातला तर काही तासांतच आतून गरम लागतं. दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो, बुरशी धरते. त्या बुरशीने कोंबड्यांची फुप्फुसं बिघडतात. कापल्याबरोबर मूठ-दोन मूठ पसरून घाला, संध्याकाळी उरलेलं काढून खतात टाका.

दुसऱ्यांच्या लॉनचं गवत फुकट मिळतं म्हणून आणू नका. तणनाशक कधी मारलं, युरियाचे दाणे कधी फेकले, हे बघून कळत नाही. कुंपणाला कण्हेर किंवा घाणेरी असेल तर तिची पानं कापणीत मिसळतात, आणि कण्हेर तर जहरच. नायलॉन दोरीच्या मशीनने कापलं असेल तर दोरीचे तुकडे वेचून काढा, ते गवतासारखेच दिसतात. पेट्रोलच्या मशीनचं तेल गळत असेल तर तो ढीग सोडूनच द्या.

आणि गवत म्हणजे जेवण नव्हे. त्यात बहुतेक पाणीच. अंड्यावरच्या कोंबडीला रोज साधारण 110 ते 120 ग्रॅम लेयर खाद्य लागतं, त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं असतात. सकाळी खाद्य, दुपारनंतर गवत असा क्रम ठेवा. बलक केशरी होतो तो गवतातल्या रंगद्रव्यामुळे. पण खाद्य कमी पडलं तर आधी अंडी कमी होतात.