वेचणीचं वजन खिपूवर कसं बांधायचं

आमच्या मानवतच्या बाजूला वेचणी सुरू झाली की कोणाचा किती कापूस काट्यावर भरला, हे लेकरांना तोंडपाठ असतं. त्यामुळे स्थानिक किंमत शिकवताना मी हीच वजनं घेते आणि ती इन्कांच्या खिपूवर, म्हणजे हिशेबासाठी गाठी मारलेल्या दोऱ्यांवर, बांधायला लावते.

दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरात, कुस्को शहरातून चालणारं इन्कांचं राज्य प्रचंड मोठं होतं, पण आपल्यासारखी लिपी त्यांच्याकडे नव्हती. कोठारातलं धान्य असो की माणसांची मोजदाद, सगळं कापसाच्या नाहीतर लामा-अल्पाकाच्या लोकरीच्या दोऱ्यांवर गाठी मारून ठेवत. हे काम करणारा तो खिपूकामायोक. एवढा कारभार दोऱ्यांवर सांभाळणाऱ्या माणसांना कोणी अडाणी म्हणालं, तर मी तिथंच थांबवते.

गोधडी शिवायचा जाड, पिळाचा दोरा घ्या. सुतळी नको, तिचे तंतू फुटतात आणि गाठीतले वेढे मोजता येत नाहीत. हातभर लांबीची एक दोरी आडवी ताणून दोन खिळ्यांना बांधा. तिला आई, काकू, आत्या आणि वहिनी यांच्या चार रंगांच्या दोऱ्या लटकवा. लटकवताना दोरी दुमडायची, दुमड आडव्या दोरीमागून खाली घ्यायची आणि दोन्ही टोकं तिच्यातून ओढायची. एक टोक आखूड ठेवून कापून टाका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. गाठ मारण्याआधी पातळ्या ठरवा. आडव्या दोरीजवळ शतक, मधे दशक, खाली मोकळ्या टोकाकडे एकक. चारही दोऱ्यांवर या पातळ्या एका ओळीत आल्याच पाहिजेत, कारण गाठीची किंमत तिच्या जागेवरून ठरते. गाठी दोरी खातात, म्हणून वरून खाली बांधत या.

आईचे ४२ किलो. दशकाच्या जागी चार साध्या गाठी, एकमेकींना चिकटून. एककाची गाठ मात्र वेगळी असते: एकच लांब गाठ, आणि जेवढा आकडा तेवढे तिला वेढे. इथं दोन. काकूंचे ३७, म्हणजे तीन साध्या गाठी आणि सात वेढ्यांची लांब गाठ. वेढे सैल घेऊन मग दोन्हीकडून हळू ओढा, झटका दिला की ते एकमेकांवर चढतात.

आत्याचे ३०. तीन गाठी, आणि एककाची जागा मोकळी. ती मोकळी जागा म्हणजेच शून्य. लेकरं तिथं ओळीनं थांबतात, बोट फिरवून बघतात. मला हा क्षण फार आवडतो.

वहिनीचे ५१. इथं अडचण येते: एका वेढ्याची लांब गाठ ही साधीच गाठ होते, मग दशक कोणतं आणि एकक कोणतं? इन्कांनी एककातल्या एकासाठी इंग्रजी आठच्या आकाराची वेगळी गाठ ठेवली. दोरीचा फास करा, टोक मागून वळसा देऊन पुढून फासात घाला.

बेरजेसाठी पाचवी दोरी चारही दोऱ्यांच्या फासांतून ओवून वर काढा. तिच्यावर १६०: शतकाची एक गाठ, दशकाच्या सहा, एकक रिकामं. जुन्या खिपूंमध्येही अशा वरच्या दोरीवर खालच्यांची बेरीज सापडते. अमेरिकेतले अभ्यासक लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये गाठींतली ही अंकपद्धत उलगडून मांडली. पण सगळ्याच खिपूंत हिशेब नाही, आणि उरलेल्यांत काय आहे ते आजही कोणाला नीट वाचता येत नाही. इन्कांचं राज्य स्पॅनिशांनी जिंकल्यावर, १५८३ मध्ये लिमाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेनं खिपू नष्ट करायचा हुकूम काढला. आज जगभरात हजार-दीड हजारच उरलेत, याची मला खरंच हळहळ वाटते.

दुसऱ्या दिवशीचं वजन बांधायला नवी दोरी लागत नाही. दोऱ्या लांब ठेवल्या असतील तर एककाच्या गाठीखाली थोडी जागा सोडून पुढचा आकडा सुरू करा. लांब गाठ किंवा इंग्रजी आठची गाठ हाताला लागली की आधीचा आकडा संपला हे कळतं. आत्याच्या ३० ला एककाची गाठच नाही, म्हणून तिच्याखाली मात्र जागा जास्त सोडा.