ओव्हरक्लॉक करायचाय, पण आवाज नकोय? प्रोसेसर आणि कूलर असा निवडा

उन्हाळ्यात डोक्यावर पंखा गरगरत असतो, तोवर संगणकाचा आवाज जाणवत नाही. डिसेंबरात पंखा बंद केला की टेबलाखालची घरघर ऐकू येते. माझ्या पहिल्या ओव्हरक्लॉक केलेल्या (म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या गतीपेक्षा जास्त पळवलेल्या) मशीनने मला असंच झोपू दिलं नव्हतं. मी आधी कूलर बदलला, मग कॅबिनेटला आणखी दोन पंखे लावले. घरघर थोडी वाढलीच. मूळ दुखणं प्रोसेसरच्या वॅटमध्ये होतं. तेव्हापासून माझा क्रम ठरलाय: आधी वॅट, मग कूलर, मेगाहर्ट्झ, म्हणजे गती, सगळ्यात शेवटी.

१. वॅटची मर्यादा ठरवा

टीडीपीच्या, म्हणजे कंपनीने जाहीर केलेल्या वॅटच्या, आकड्यावर विसंबू नका. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची जागा) ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जातो, १०५ चा १४२ पर्यंत आणि १७० चा २३० पर्यंत. इंटेलच्या कोअर आय५-१३६००के ची मूळ पॉवर १२५ वॅट, टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोरात, १८१. आय९-१३९००के तर २५३. हे सगळे वॅट उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतात. शांत मशीन हवं असेल तर ओव्हरक्लॉकसकट ११०-१२० वॅटवर थांबावं, असं माझं मत. त्यापुढचे शंभर-दीडशे मेगाहर्ट्झ फार महागात पडतात.

२. प्रोसेसर

इंटेलमध्ये ओव्हरक्लॉकिंगसाठी नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट असलेला मदरबोर्ड लागतो. तेराव्या-चौदाव्या पिढीचा घेतलात तर चालू केल्यावर पहिलं काम बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य करून दुरुस्ती दिली होती.

एएम५ वर बहुतेक रायझन (एएमडीचे प्रोसेसर) ओव्हरक्लॉकिंगसाठी खुलेच असतात, फक्त मदरबोर्ड ए६२० चा घेऊ नका, त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी६५० पुरे. मी रायझन ७ ७७०० घेतला: आठ कोअर, ६५ वॅट. ७७००एक्स स्वस्त मिळत असेल तर तो घेऊन बायोसमध्ये वॅट कमी करा, काम तेच. खास गेमसाठी ७८००एक्स३डी घेणाऱ्यांनी त्याचा मल्टिप्लायर (गती ठरवणारा गुणक) लॉक असतो हे लक्षात ठेवावं. ९८००एक्स३डी मध्ये तो खुला आहे.

३. कूलर

पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून मोठा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूच्या पत्र्यांचा गठ्ठा), मोठे पंखे, कमी फेऱ्या. दोन टॉवरवाला कूलर बघा. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई सहा हीट पाइपचा, १५५ मिलिमीटर उंच. वर सांगितलेल्या वॅटला तो भरपूर झाला. नॉक्टुआचा एनएच-डी१५ याहून दणकट, पण १६५ मिलिमीटर उंच, पंख्यांसह वजन सव्वा किलोच्या वर, आणि किंमत बघून घरच्यांना काय सांगायचं ते आधी ठरवा. कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो हे त्याच्या माहितीपत्रकात असतं. उंच पट्ट्यांची रॅम पुढच्या पंख्याखाली अडते, तेही तपासा.

लिक्विड कूलर मी टाळतो. पंखे थांबले तरी पंप चालूच राहतो, आणि त्याची बारीक किणकिण कानाला पंख्यापेक्षा जास्त टोचते.

परीक्षणांतलं तापमान बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतलं असतं. मे महिन्यात नागपुरात खोली ४० ला असेल तर त्यात सरळ १५ ते २० मिळवा.

४. बसवताना

कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढा. हसू नका, ती तशीच ठेवून ‘कूलर खराब निघाला’ म्हणणारे मी पाहिलेत. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप) मधोमध, मटारच्या दाण्याएवढी. स्क्रू एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका. दोन्ही बाजूंना आळीपाळीने थोडे थोडे फिरवा. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो, हवा त्या दिशेने जाते. ती कॅबिनेटच्या मागच्या बाजूला गेली पाहिजे.

५. बायोस

माझ्यासारखा रायझन असेल तर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह या सेटिंगमध्ये जाऊन पीपीटी (प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा) ११० वॅटवर बांधा. मग कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज उतरवणारं सेटिंग): सगळ्या कोअरना उणे १०, टिकलं तर १५, मग २०. याने तीच गती कमी व्होल्टेजवर मिळते, आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात: १.३० चं १.२० व्होल्ट झालं तर गती तीच राहून सुमारे १५ टक्के बचत. वाचलेले वॅट प्रोसेसर स्वतःच वरच्या गतीसाठी वापरतो.

सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) अर्धा तास चाललं म्हणजे सेटिंग पक्कं झालं असं नाही. व्होल्टेज फार उतरवलेलं मशीन बऱ्याचदा रिकामं बसलेलं असतानाच रीस्टार्ट होतं. आठवडाभर रोजचं काम करून बघा. एकदा जरी अडलं तर पाच पावलं मागे या. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, ही जोखीम तुमची.

आता पंख्याचा आलेख. ब्राउझर उघडला तरी रायझनचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं, आणि पंखा त्याच्यामागे हुंदके दिल्यासारखा वर-खाली होतो. एकसुरी आवाज माणूस विसरतो, हे हुंदके विसरता येत नाहीत. म्हणून ७० अंशांपर्यंत आलेख सपाट ठेवा, माझा मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आहे. पुढे ८५ अंशांपर्यंत हळूहळू हजारावर न्या. मदरबोर्डात पंखा उशिरा वाढवण्याची सोय असेल तर तीही चालू करा. ९५ अंश ही ७७०० ची कमाल मर्यादा. जड कामात ८५ दिसले तर घाबरू नका.

मग रात्री खोलीतला पंखा बंद करून एक जड काम लावा आणि कॅबिनेटशी कान न्या. अजून आवाज येत असेल तर कूलरचा पंखा काही सेकंद मंद करून पाहा. फरक पडला नाही, तर तो आवाज कूलरचा नाही, बहुधा ग्राफिक्स कार्डाचा आहे.