खरेदीदाराला दाखवायचा ट्रेलर : या चुका टाळा

फ्रान्समधील कान येथे १९५९ पासून भरणाऱ्या मार्शे द्यु फिल्मसारख्या चित्रपट-बाजारात खरेदीदाराच्या, म्हणजे चित्रपटाचे हक्क विकत घेणाऱ्या वितरकाच्या, भेटी एकामागून एक लागलेल्या असतात. त्यामुळे ट्रेलरच्या वाट्याला दोन-तीन मिनिटेच येतात, आणि त्यांतली पहिली वीस सेकंद निर्मितीसंस्थांची बोधचिन्हे व महोत्सवांची मानचिन्हे दाखवण्यात गेली, तर समोरच्याची नजर मोबाइलकडे वळलेली असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रेक्षकांसाठी कापलेला टीझर जसाच्या तसा खरेदीदारापुढे ठेवणे. प्रेक्षकाचे कुतूहल चाळवले की टीझरचे काम झाले. खरेदीदार मात्र हिशेब मांडत असतो. चित्रपट भयपट आहे की कौटुंबिक, ओळखीचे चेहरे कोणते, निर्मितीचा दर्जा कसा, आपल्या प्रदेशात तो कोण पाहील, हे त्याला कळले पाहिजे. धुक्यातला रस्ता, पाठमोरी स्त्री आणि एक गूढ वाक्य एवढ्यावर कोणी पैसे लावत नाही. रहस्याची उकल जपावी, पण चित्रपटाचा प्रकार लपवू नये.

दुसरी चूक संगीताची असून ती उशिरा उघडकीस येते. संकलनाच्या टेबलावर तात्पुरते म्हणून घातलेले प्रसिद्ध गाणे इतके चपखल बसते की ते काढवत नाही. खरेदीदार हक्कांविषयी विचारतो तेव्हा धावपळ सुरू होते. केवळ महोत्सवापुरता घेतलेला परवाना व्यावसायिक प्रदर्शनाला चालत नाही, आणि गाणे चित्रपटात वापरण्याची परवानगी असली, तरी ते जाहिरातीत वापरण्यासाठी बहुधा वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती मिळणार नसेल, तर ट्रेलर पहिल्यापासून मूळ संगीतावरच कापावा.

शीर्षके चित्रावर पक्की बसवून आणि सगळा आवाज एकत्र मिसळून एकच फाइल तयार करणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. परभाषिक वितरकाला स्वतःची शीर्षके व डबिंग घालायचे असते, म्हणून अक्षरविरहित प्रत आणि संवाद, संगीत व ध्वनिपरिणाम यांचे स्वतंत्र ट्रॅक त्याच वेळी काढून ठेवावेत.

विक्रीपूर्वीच ट्रेलर यूट्यूबवर टाकण्याचा मोह आवरावा. पहिली झलक केव्हा दाखवायची, हे वितरकाला आपल्या प्रदर्शनाच्या तारखेनुसार ठरवायचे असते. शिवाय प्रेक्षकसंख्या तुटपुंजी राहिली, तर ती भाव पाडते. पासवर्ड घातलेली लिंक पुरेशी आहे.

दोष नेमका कुठे आहे, हे प्रतिसादावरून ओळखता येते. ट्रेलर पाहूनही कोणी पूर्ण चित्रपट मागत नसेल, तर ट्रेलर पुरेसे सांगत नाही. अनेकांनी चित्रपट मागितला, परंतु दहा मिनिटांत उठून जाणाऱ्यांचीच संख्या अधिक असेल, तर बहुधा ट्रेलर भलत्याच चित्रपटाची जाहिरात करतो आहे. अशा वेळी नवा ट्रेलर दिग्दर्शकाने किंवा मूळ संकलकाने न कापता, ज्याने हा चित्रपट एकदाच पाहिला आहे अशा संकलकाकडे सोपवावा.