मोटरहोमचा जनरेटर उघडायच्या आधी या चुका टाळा

मोटरहोमचा, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचा, जनरेटर सुरू होत नाही म्हणून कुणी बोलावलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचा कधी चालवला होता? मालक आठवायला लागतो, मग बायकोला विचारतो, आणि शेवटी उत्तर येतं, "मागच्या सहलीला." ती सहल कधी झाली हे विचारायची गरज नसते. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची वाटी काढली की आंबलेल्या पेट्रोलचा वासच ते सांगतो.

पेट्रोल तसंच ठेवून गाडी उभी करणं

निम्मी दुखणी इथून सुरू होतात. वाटीत राहिलेलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट पिवळा थर उरतो. त्यातून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं भोक मुळातच बारीक, ते बुजायला कितीसं लागतं? मग इंजिन सुरू तर होतं, पण एका लयीत चालत नाही. आवाज चढतो, पडतो, पुन्हा चढतो. चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, थोडा ओढला की सुधारतं. चोकवर सुधारत असेल तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, एवढं साधं आहे. तरी लोक स्क्रू ड्रायव्हर घेऊन गव्हर्नर, म्हणजे इंजिनचे फेरे सांभाळणारा भाग, पिळत बसतात. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या जनरेटरचे फेरे ठरलेले असतात: दोन पोलच्या (चुंबकीय टोकांच्या) मशीनला ५० हर्ट्झसाठी मिनिटाला ३०००, ६० हर्ट्झसाठी ३६००, आणि चार पोलच्या मशीनला त्याच्या निम्मे. फेरे बदलले की फ्रिक्वेन्सी बदलते, व्होल्टेज हलतं आणि त्याची शिक्षा एसीच्या कॉम्प्रेसरला होते. मीटर लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नका.

जेट साफ करायचा तर स्प्रे मारा, कॉम्प्रेसरची हवा द्या आणि उजेडासमोर धरून भोक गोल दिसतंय का बघा. त्यात तार घालणाऱ्यांवर माझा विशेष राग आहे. तारेने भोक मोठं होतं, इंजिन काळा धूर सोडायला लागतं आणि मग तोच माणूस म्हणतो, "कार्बोरेटरच खराब निघाला." टाकीत क्लिनरची बाटली ओतून दोन तासांत चमत्कार मागणारेही भेटतात. जेट पूर्ण बुजला असेल तर ते औषध तिथवर पोचणारच कसं?

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, म्हणून कुणी करत नाही: महिन्यातून एकदा, साधारण दोन तास, निम्म्या लोडवर, म्हणजे क्षमतेच्या निम्मी वीज ओढत, जनरेटर चालवायचा. एसी किंवा हीटर लावायचा. "मी दर आठवड्याला पाच मिनिटं चालवतो" असं अभिमानाने सांगणाऱ्यांचा जनरेटर मला जास्त गंजलेला सापडतो. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे ऑइलमधलं आणि सायलेन्सरमधलं पाणी उडून जात नाही. वाइंडिंगमधली, म्हणजे तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांमधली, ओलही तशीच राहते. डिझेलवाल्यांनी तर बिनलोड चालवायचं टाळावंच. न जळलेलं डिझेल एक्झॉस्टमध्ये साचतं आणि पाइपातून काळे तेलकट ओघळ यायला लागतात.

गाडी खूप दिवस उभी राहणार असेल तर ताज्या पेट्रोलमध्ये ते टिकवणारं स्टॅबिलायझर टाका आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं जनरेटर चालवा. ते कार्बोरेटरपर्यंत पोचलं पाहिजे, नुसतं टाकीत असून उपयोग नाही. जुन्या, खराब झालेल्या पेट्रोलमध्ये ते ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

टाकी न बघता पंप उघडणं

जिथे जनरेटर गाडीच्याच टाकीतून इंधन घेतो, तिथे त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते, बहुधा पाव टाकीच्या आसपास. रात्रभर जनरेटर चालवून सकाळी गाडी रस्त्यात अडकू नये म्हणून ही सोय. काटा पावावर आला की जनरेटर बंद पडणारच. आधी टाकी भरा, मग माझ्याशी बोला.

"पार्ट बदलून बघू"

एका मालकाचा जनरेटर बटण दाबून धरलं की चालायचा आणि बोट काढलं की बंद व्हायचा. कुणीतरी त्याला ठासून सांगितलं, "बोर्ड गेला." त्याने नवा कंट्रोल बोर्ड आणला, बसवला, फरक शून्य. मग इंधनाचा पंप बदलला. मग कार्बोरेटर. माझ्याकडे आला तेव्हा जुन्या पार्टांचं एक खोकं बरोबर होतं.

मी फक्त मल्टिमीटर काढला. त्याला बटण दाबून धरायला लावलं आणि आउटपुटवर प्रोब टेकवले, तर जेमतेम काही व्होल्ट. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, वीजच तयार होत नव्हती. बऱ्याच जनरेटरांत कंट्रोलला आउटपुट दिसलं नाही तर तो स्टार्टनंतर लगेच इंजिन बंद करतो. बोर्ड बिचारा आपलं कामच करत होता. मागचं कव्हर उघडलं तर एक कार्बन ब्रश होल्डरमध्ये अडकलेला आणि तो ज्या फिरत्या कड्याला टेकून वीज पोचवतो त्या स्लिप रिंगवर दमट हवेत उभं राहून चढलेला काळपट थर. ब्रश मोकळा केला, रिंग अगदी बारीक काचपेपरने हलक्या हाताने पुसली, धूळ उडवली. एमरी वापरली नाही, तिचे कण वीजवाहक असू शकतात आणि ते आत राहिले की नवीन भानगड. जनरेटर चालला. मग मी खोक्यातला जुना बोर्ड परत लावायला सांगितला. त्यावरही चालला. नवा बोर्ड दुकानदाराने परत घेतला नाही. एकदा जोडलेला इलेक्ट्रिकल पार्ट सहसा कुणी परत घेत नाही, पण ही गोष्ट बिल फाडताना कुणी सांगत नाही.

म्हणून माझा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. टाकी, ऑइल, जनरेटरच्या अंगावरचा ब्रेकर, मग बॅटरी. स्टार्टचा दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकतो ते मोजून पुस्तिकेत त्याचा अर्थ बघायचा. तो कोड फक्त लक्षण सांगतो, पार्टचं नाव सांगत नाही. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज साधारण १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. त्याच वेळी बॅटरीचं निगेटिव्ह आणि जनरेटरची बॉडी यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगचं टोक खोलून घासा. गंजलेल्या एका लगमुळे, म्हणजे तारेच्या टोकाच्या कडीमुळे, लोकांनी अख्खा स्टार्टर बदललेला मी पाहिलाय.

आणि हात घालायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. प्रत्येक वेळी. ऑटो स्टार्टची सोय असलेल्या गाडीत बॅटरी उतरली की जनरेटर आपोआप सुरू होतो, तुमची बोटं कुठे आहेत हे त्याला माहीत नसतं.

बाकीच्या चुका, पटापट

ऑइल गाडी तिरकी उभी असताना बघू नका, आणि "थोडं जास्त असू दे" म्हणून वरच्या खुणेपलीकडे भरू नका.

सेल्फ सलग मारत बसू नका. मी दहा सेकंद मारतो आणि मिनिटभर थांबतो. ज्याला हे मिनिट जड जातं त्याने स्टार्टरचे पैसे बाजूला ठेवावेत.

एसी चालू असताना जनरेटर थेट बंद करू नका. लोड काढून दोन-तीन मिनिटं मोकळा चालू द्या, मग बंद करा.

उंचावर जनरेटरची ताकद घटते, दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के. डोंगरात दोन एसी ओढत नाही म्हणून कार्बोरेटर उघडायचा नसतो, एक एसी बंद करायचा असतो.

टाकीकडून येणारी रबरी नळी चिरली तर गळती दिसेलच असं नाही. पंपाच्या आधीची नळी पेट्रोल सांडण्याऐवजी हवा ओढते. जुनी झाली की नळी बदलून टाका.

एक्झॉस्ट "नंतर बघू"

इथे मात्र मी कुणाचं ऐकत नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. एक्झॉस्टच्या सांध्याला तडा असेल, क्लॅम्प ढिला असेल, सील फाटलं असेल, तर जनरेटर चालवायचा नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही. पाइपाचं तोंड भिंतीकडे किंवा उंच गवतात येईल अशी गाडी लावू नका. या वायूच्या डिटेक्टरच्या मागे छापलेली तारीख बघा. त्यालाही आयुष्य असतं, आणि टेस्ट बटण दाबून बीप आला म्हणजे आतला सेन्सर शाबूत आहेच असं नाही. डिटेक्टर वाजला की आधी माणसं बाहेर, कारण शोधणं नंतर. बहुतेक जनरेटरच्या अंगावर बाहेरून बंद करायचं बटण असतं. ते कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना दिवसाउजेडी दाखवून ठेवा.